रशियात शिकायला जाताय? आधी रशियन माणूस समजून घ्या

दरवर्षी सप्टेंबरच्या आसपास महाराष्ट्रातली कितीतरी मुलंमुली वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात उतरतात. कुणी कझानला, कुणी कुर्स्कला, कुणी उफा, त्वेर किंवा व्होल्गोग्राडला. बॅगेत थर्मल कपडे असतात, कुकर असतो, गोडा मसाला आणि मेतकूट असतं. एजंटने कागदपत्रांची यादी दिलेली असते. माणसांबद्दल मात्र कुणी काही सांगितलेलं नसतं. मग पहिल्या पंधरवड्यातच घरी फोन जातो, "आई, इथे सगळे खेकसूनच बोलतात गं."

या देशात मी बरीच वर्षं काढली आहेत, आणि नव्या मुलांना मी सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. रशियन माणूस अनोळखी लोकांशी एका रीतीने वागतो आणि आपल्या माणसांशी अगदी वेगळ्या रीतीने. दोन्ही वागणी खरी असतात, त्यात ढोंग नसतं. तुम्हाला पहिल्या वर्तुळातून दुसऱ्यात जायचं आहे. त्याची वाट ठरलेली आहे आणि ती शिकता येते.

सुरुवातीला एक खूणगाठ बांधून ठेवा. रशियाच्या पासपोर्टवरचा प्रत्येक माणूस वंशाने रशियन नसतो. या देशात १९० हून जास्त लोकसमूह आहेत. कझानमध्ये तातार, उफामध्ये बश्कीर, काकेशसच्या बाजूला आणखी वेगळे लोक. तातार वर्गमित्राला सरसकट "तुम्ही रशियन लोक" म्हटलंत तर त्याला ते आवडेलच असं नाही. खाली लिहिलेलं प्रामुख्याने बहुसंख्य रशियनांबद्दल आहे. यातल्या बऱ्याच सवयी सोव्हिएत काळात सगळ्यांच्याच अंगवळणी पडल्यामुळे इतरांनाही लागू होतात, पण समोरच्या माणसाकडे बघूनच त्या लावा.

पायरी पहिली : चेहऱ्यावरून काही ठरवू नका

दुकानातली बाई हसत नाही, बसमधला माणूस हसत नाही, ऑफिसमधली तर मान वर करूनही बघत नाही. यात तुमच्यावर राग नसतो. इथे हसू ओळखीच्या माणसासाठी किंवा खरोखरच्या आनंदासाठी असतं. कारण नसताना हसणारा माणूस मूर्ख, अशा अर्थाची एक म्हणच लहानपणापासून मुलांच्या कानावर पडते. तुम्ही सवयीने हसून बघितलंत तर समोरचा गोंधळतो. हा का हसतोय, माझं काही चुकलं का, असं त्याला वाटतं.

याची मुळं शोधायची तर इतिहासात जावं लागतं. सोव्हिएत काळात शहरांत एका फ्लॅटमध्ये चार-पाच कुटुंबं एकेका खोलीत राहत, स्वयंपाकघर आणि संडास सगळ्यांत मिळून एक. तिथे स्वतःभोवती अदृश्य भिंत उभी करायला माणूस शिकतोच. शिवाय १९३७-३८ च्या, स्टालिनच्या काळातल्या धरपकडीत परक्यासमोर बोललेला एखादा सैल शब्दही माणसाला सक्तमजुरीच्या छावणीपर्यंत नेऊ शकत होता. त्या पिढीने मुलांना तोंड सांभाळायला शिकवलं, त्या मुलांनी आपल्या मुलांना.

तुम्ही एवढंच करा: दुकानात, लिफ्टमध्ये, ऑफिसात शिरताना "झ्द्रास्त्वुइते" म्हणा. शब्द जड आहे, पण पहिल्या आठवड्यातच तो जिभेवर बसवा. मेट्रोत आणि बसमध्ये आवाज खाली ठेवा. पाच-सहा जणांचा घोळका मोठ्याने मराठीत गप्पा मारू लागला की माना वळतात; आपल्या मुलांविषयी मी सर्वांत जास्त ऐकलेली तक्रार हीच आहे. म्हातारं माणूस चढलं की उठून जागा द्या. नाही उठलात तर कुणीतरी स्पष्ट शब्दांत उठवेल.

पायरी दुसरी : नाव नीट घ्या

शिक्षकांना "सर", "मॅडम" म्हणायचं नाही. इथे आदराने हाक मारायची म्हणजे स्वतःचं नाव आणि त्यापुढे वडिलांच्या नावावरून केलेलं नाव. येलेनाच्या वडिलांचं नाव विक्तोर असेल तर ती येलेना विक्तोरोव्ना. सेर्गेयच्या वडिलांचं इवान असेल तर तो सेर्गेय इवानोविच. आपण जन्मापासून नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहीत आलो आहोत, तेव्हा ही पद्धत समजायला मराठी मुलाला अजिबात जड जाऊ नये. पहिल्या तासाला वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येक शिक्षकाचं पूर्ण नाव लिहा आणि रात्री मोठ्याने म्हणून पाठ करा. नाव चुकलं तर बाई काही बोलणार नाहीत, पण लक्षात ठेवतील.

तू आणि तुम्हीचा भेद रशियनमध्येही आहे, आणि तो आपल्याइतकाच, किंबहुना थोडा जास्तच कडक पाळतात. फोनवरच्या ॲपमधून भाषा शिकलेली मुलं प्राध्यापकांनाही "ती" (रशियनमधलं "तू") म्हणतात, म्हणजे आपल्याकडे हेडमास्तरांना "तू काय करतोस?" विचारल्यासारखं. अनोळखी प्रौढ माणसाला नेहमी "वी", म्हणजे तुम्ही. एकेरीवर यायचा प्रस्ताव वयाने किंवा हुद्द्याने मोठा असलेल्याने मांडायचा असतो. तो मांडला गेला, तर ओळख एक पायरी पुढे सरकली असं धरा.

मुलांसाठी एक जादा सूचना. पुरुष एकमेकांना दिवसात पहिल्यांदा भेटले की हात मिळवतात. वर्गात आठ मुलगे उभे असतील तर आठही जणांशी. हातमोजा काढून. एकाला वगळलंत तर त्याला ते मुद्दाम केल्यासारखं वाटतं.

पायरी तिसरी : रांगेत उभं राहायला शिका

सरकारी दवाखान्याचा लांबलचक कॉरिडॉर डोळ्यांसमोर आणा. भिंतीला लागून बाकं, त्यांवर पंधरा-वीस माणसं, कुणी खिडकीशी, कुणी जिन्यात. रांग दिसत नाही. आपला मुलगा येतो, दार उघडं दिसलं म्हणून सरळ आत जायला निघतो आणि एकदम पाच जण ओरडतात.

रांग तिथे आहे, ती लोकांच्या डोक्यात आहे. आल्या आल्या मोठ्याने विचारायचं, "क्तो पस्लेदनी?" म्हणजे शेवटचं कोण? कुणीतरी हात वर करेल. त्याला सांगायचं, "या झा वामी", मी तुमच्यामागे. त्याचा चेहरा लक्षात ठेवायचा. तुमच्यानंतर आलेला तुम्हाला विचारेल, त्याला तुम्ही हात दाखवायचा. मग खुशाल खाली जाऊन चहा पिऊन या, पुढच्यामागच्याला सांगून गेलात तर जागा जात नाही. दुकानात एकेका वस्तूसाठी तासन्‌तास उभं राहिलेल्या पिढ्यांनी घडवलेली ही व्यवस्था आहे. आता बऱ्याच ठिकाणी टोकन देणारं यंत्र असतं, तरी यंत्राशेजारीही हा प्रश्न ऐकू येतो.

खिडकीपलीकडच्या बाईंकडून पहिलं उत्तर बहुधा "नाही" असं येतं. कागद अपुरा आहे, आज भेटीचा दिवस नाही, शिक्का चुकीचा आहे. इथे आवाज चढवू नका आणि ओळखीपाळखी सांगू नका. बाजूला थांबा, गर्दी ओसरू द्या, मग जाऊन म्हणा, "पदस्काझिते, पझालस्ता", कृपया सांगता का, मी काय करू? हुकूम सोडणाऱ्यासाठी नियम असतो, मदत मागणाऱ्यासाठी वाट असते. मघाशी हाकलणारी बाई स्वतः फोन उचलून दुसऱ्या खोलीत विचारते, कोऱ्या कागदावर पेन्सिलने खोली क्रमांक लिहून देते. काम झालं की आभार मानायला परत जा. पुढच्या वेळी ती तुम्हाला नावाने ओळखेल.

पायरी चौथी : "बघतो" म्हणणं सोडा

मराठी माणसाला तोंडावर नाही म्हणणं कठीण जातं. "बघतो", "प्रयत्न करतो", "जमवू आपण" यातला नकार आपल्या माणसाला बरोबर कळतो. रशियन माणसाला कळत नाही. तुम्ही शनिवारी येतो म्हणालात म्हणजे त्याने चार ताटं मांडली. आला नाहीत तर पुढच्या वेळी तो बोलावणार नाही, आणि का ते सांगणारही नाही. येणार नसाल तर स्पष्ट सांगा, त्याला वाईट वाटत नाही. मान डोलावणंही जपून करा. आपली हो-नाहीच्या मधली मान इथे कुणाला वाचता येत नाही.

उलट त्यांचं बोलणं ऐकायलाही कान तयार हवेत. "हे वाईट लिहिलंयस", "हा शर्ट तुला शोभत नाही" असं ते सहज म्हणतात. "इकडे दे", "बस खाली" अशी आज्ञार्थी रूपं त्यांच्या भाषेत साधी आहेत, त्यात अपमान नसतो. "कसा आहेस?" हा प्रश्न वाटेत उगाच फेकत नाहीत, विचारला तर उत्तराची अपेक्षा असते. आणि सगळं उत्तम चाललंय असं सांगताना पुष्कळ जण डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकल्यासारखं करतात, लाकडावर टकटक करतात. दृष्ट लागू नये म्हणून. यावर हसू नका, आपल्याकडे काळी तीट लावतातच की.

पायरी पाचवी : ग्रुप म्हणजे सगळं काही

विद्यापीठात तुम्हाला दहा-पंधरा जणांच्या ग्रुपमध्ये घालतात आणि त्याचा एक प्रमुख असतो, "स्तारस्ता". एकेकाळी गावच्या मुखियाला हेच नाव होतं. १८६१ साली भूदासप्रथा संपल्यावरही रशियन शेतकरी गावाच्या पंचायतीला बांधलेला राहिला. जमीन गाव वाटून देई, कर सगळ्यांनी मिळून भरायचा, एकाने चुकवला तर बाकीच्यांवर बोजा. एकमेकांना धरून राहायची ती रीत ग्रुपमध्ये अजून दिसते. हजेरी, वेळापत्रकातले बदल, देकानातचे (डीनच्या ऑफिसचे) निरोप, चुकवलेल्या तासाची भरपाई म्हणजे "अत्राबोत्का" कधी करायची, हे सगळं स्तारस्ताकडून कळतं. त्याच्याशी संबंध चांगले ठेवा.

एक अपराध इथे माफ होत नाही, तो म्हणजे वर्गमित्राची चुगली. कुणी परीक्षेत चिठ्ठी आणली, कुणी दुसऱ्याची हजेरी लावली, तरी शिक्षकांकडे जाऊन नाव सांगणारा मुलगा ग्रुपमधून कायमचा बाद होतो. चिठ्ठीचं समर्थन मी करत नाही, पकडलेल्याला घरी पाठवलेलं मी पाहिलं आहे. पण ज्या देशात शेजाऱ्याने केलेल्या तक्रारीवरून माणसं नाहीशी झाली, तिथे चुगली या गोष्टीचं वजन वेगळं आहे. स्वतः चिठ्ठी घेऊ नका, दुसऱ्याची सांगू नका.

रशियन वर्गमित्र सत्रभर निवांत दिसतील आणि परीक्षेच्या आठवड्यात झोप सोडून अभ्यास करतील. इतिहासकार वसिली क्ल्युचेव्स्की (१८४१–१९११) याने या स्वभावाचं कारण हवामानात शोधलं होतं. उत्तरेतला उन्हाळा तोकडा, तेवढ्यात नांगरणी-पेरणी-कापणी उरकायची, म्हणून माणूस थोड्या दिवसांत अचाट काम करायला शिकला आणि मग लांब हिवाळ्यात बसून राहायला. हा सिद्धांत पूर्ण पटो न पटो, परीक्षेच्या दिवसांत होस्टेलमध्ये बघा. बऱ्याच परीक्षा तोंडी असतात, टेबलावर पालथ्या ठेवलेल्या चिठ्ठ्यांतून एक "बिल्येत" उचलायची आणि त्यावरच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. नशिबाचा भाग आला म्हणून विधीही आले. आदल्या रात्री बारा वाजता मुलं गुणपुस्तिका खिडकीबाहेर धरून "खल्यावा, प्रिदी!" असं ओरडतात, म्हणजे फुकटच्या लाभा, ये! कुणी बुटात टाचेखाली पाच कोपेकांचं नाणं ठेवतं, कारण पाच हे इथले सर्वोच्च गुण. तुम्हीही त्यांच्याबरोबर ओरडा. त्या रात्री खिडकीत सोबत उभं राहिलेला मुलगा महिनाभराच्या ओळखीपेक्षा जवळचा होतो.

पायरी सहावी : रागावणं म्हणजे काळजी, हे ओळखा

होस्टेलच्या दाराशी एक पहारेकरीण बसलेली असते, साठीच्या पुढची, टेबलावर शब्दकोडं आणि चहाचा ग्लास. जानेवारीत, बाहेर उणे अठरा असताना, आपली एक मुलगी टोपी न घालता निघाली. बाईंनी तिला दारातच अडवलं आणि एवढ्या मोठ्या आवाजात झापलं की ती रडायच्या बेताला आली. तिला वाटलं, काहीतरी नियम मोडला. बाई म्हणत होत्या ते इतकंच : डोक्याला वारा लागेल, मेंदूज्वर होईल, आई इतक्या लांब आहे, तुला बघणार कोण? शेवटी स्वतःच्या खुर्चीवरची लोकरी शाल तिच्या डोक्याला गुंडाळूनच त्यांनी दार उघडलं.

रस्त्यातल्या अनोळखी आज्याही असंच करतात. गार दगडावर बसलेल्या मुलीला उठवतील, उघडा गळा झाकायला लावतील. वाद घालू नका, "स्पासीबा" म्हणा आणि टोपी घाला. जिथे शिष्टाचाराचं हसूही सहसा मिळत नाही, तिथे कुणी तुमच्यावर रागावण्याचे कष्ट घेतंय, तर तुम्ही तिच्या हिशेबात आला आहात.

पायरी सातवी : घरी बोलावलं तर

रशियन माणूस घरी बोलावतो तेव्हा तो तुम्हाला आत घेत असतो. रिकाम्या हाताने जाऊ नका. केक, चॉकलेटचा डबा किंवा आपल्याकडची चहा पावडर चालेल. फुलं नेलीत तर विषम संख्येत, तीन किंवा पाच. सम संख्येतली फुलं अंत्यविधीला नेतात. उंबरठ्यावरून हात मिळवू नका, वस्तूही देऊ नका. आधी आत या. चपला-बूट दाराशीच काढायचे असतात, ते आपल्याला शिकवायला नको. घरात घालायला सपाता मिळतील, त्या घाला. घरात शीळ घालू नका, पैसा जातो म्हणतात. कुणाचा वाढदिवस असेल तर आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नका, अपशकुन मानतात.

शाकाहारी असाल तर आमंत्रण घेतानाच सांगा. "मी मांस खात नाही" म्हटल्यावर "पण चिकन?" हा प्रश्न येणार, त्यावरही शांतपणे नाही म्हणा, मासे आणि अंडीही मोजून सांगा. ईस्टरच्या आधी सुमारे सात आठवडे ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा मोठा उपवास असतो. तेव्हा दुकानांत आणि उपाहारगृहांत "पोस्नये" अशी पाटी दिसते, म्हणजे मांस, दूध, अंडी नसलेलं. यजमानीणबाईंना "पोस्नये" सांगितलंत तर त्यांना लगेच उमगतं. दारूचा आग्रह झाला तर औषध चालू आहे किंवा घरच्या रीतीत बसत नाही असं पहिल्याच पेल्याला सांगा. एक घेऊन दुसऱ्याला नाही म्हणणं जास्त अवघड जातं. सरबताचा पेला उचलूनही शुभेच्छांत सामील होता येतं. फक्त मृतांच्या आठवणीत पेला उचलतात तेव्हा तो कुणाच्या पेल्याला टेकवायचा नाही.

खऱ्या गप्पा दिवाणखान्यात होत नाहीत, पाच-सहा चौरस मीटरच्या स्वयंपाकघरात होतात. जेवण आटोपून चहा आला की सगळे तिथे दाटीवाटीने बसतात. १९६० च्या दशकात लाखो कुटुंबांना स्वतःचे छोटे फ्लॅट मिळाले आणि पहिल्यांदा दार लावून मोकळं बोलता येईल अशी जागा मिळाली, तेव्हापासूनची ही परंपरा. इथे आयुष्य, मरण, देव, आई-वडील, घटस्फोट, कशावरही बोलतात. पगार किती असं विचारण्यापेक्षा "तुला भीती कशाची वाटते?" असं विचारतील. बाहेरचा तो गप्प माणूस हाच का, असं तुम्हाला वाटेल. तुम्हीही मनातलं बोला. हवापाण्यावर वेळ काढलीत तर ते निराश होतात.

बोलायला विषय हवा तर आपल्याकडे आहेत. जुन्या माणसांसमोर राज कपूरचं नाव काढा, चेहरे उजळतात. त्वेरमध्ये असाल तर व्होल्गाकाठी अफनासी निकितीनचा १९५५ सालचा पुतळा आहे. हा त्वेरचा व्यापारी पंधराव्या शतकात समुद्रमार्गे आपल्या चौलला उतरला आणि पावसाळाभर जुन्नरला राहिला. मी त्याच गावाजवळचा, असं रायगड किंवा जुन्नरच्या मुलाने सांगितलं तर त्वेरमधल्या कुठल्याही घरात चहाचा दुसरा कप मिळेल. मॉस्कोत विदेशी साहित्याच्या ग्रंथालयात २०२२ पासून अण्णा भाऊ साठे यांचा पुतळा आहे. तिथे रशियन मित्राला घेऊन जा आणि फकिरापासून लाल बावट्यापर्यंत सगळं सांगा.

पायरी आठवी : दुखऱ्या जागा माहीत असू द्या

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं गेली. जवळजवळ प्रत्येक घरात एखादा फोटो आहे. लेनिनग्राडला (आजचं सेंट पीटर्सबर्ग) जर्मनांनी घातलेला वेढा ८७२ दिवस चालला, आणि १९४१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात कारखान्यात काम न करणाऱ्याला दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता, तोही भेसळीच्या पिठाचा. म्हणून आजही जुन्या घरांत पाव फेकलेला चालत नाही. ताटात पाव टाकून उठू नका. ९ मे हा विजय दिन आहे, त्या दिवशी फुलं घेऊन स्मारकाला गेलात तर लोक ते विसरत नाहीत. युद्धावर विनोद कधीही नको.

दुसरी जखम १९९० च्या दशकाची. १९९२ च्या जानेवारीत किमतींवरची सरकारी बंधनं गेली आणि आयुष्यभराची बचत काही महिन्यांत कवडीमोल झाली. ऑगस्ट १९९८ मध्ये रूबल पुन्हा कोसळला. बँक, सरकार, जाहिरात यांच्यावर विश्वास नाही, मित्रावर आहे, हे त्यातून आलं. मैत्रीचा भारही म्हणूनच मोठा आहे : मध्यरात्री घर बदलायला बोलावतील, जावं लागतं, तुम्ही बोलावलंत तर तेही येतात.

सध्याच्या युक्रेन युद्धाबद्दल स्वतःहून विषय काढू नका, समाजमाध्यमांवर काही लिहू नका. २०२२ च्या मार्चपासून याबाबत कडक कायदे आहेत. कित्येक घरांचे नातेवाईक सीमेपलीकडे आहेत, आणि समोरच्याच्या मनात काय चाललंय ते तुम्हाला कळणार नाही. स्वयंपाकघरात कुणी बोललंच तर ऐकून घ्या आणि ते तिथेच ठेवा. आणि हे विशेष जपून वाचा : नोकरी किंवा झटपट नागरिकत्वाच्या नावाखाली कुणीही पुढे केलेल्या, वाचता न येणाऱ्या कागदावर सही करू नका. अशा सह्या करून काही भारतीय तरुण थेट सैन्यात पोहोचले, आणि त्यांच्या सुटकेचा विषय २०२४ मध्ये भारत सरकारला रशियाकडे काढावा लागला.

पायरी नववी : दाचाचं निमंत्रण

मे महिन्यात कुणी म्हणालं, "चल, दाचाला", तर समजा तुम्ही आतल्या वर्तुळात पोहोचलात. दाचा म्हणजे फार्महाऊस असं चित्र मनात आणू नका. सोव्हिएत काळात कामगारांना सहाशे चौरस मीटरचे तुकडे वाटले गेले. त्यावर लाकडी खोपटं, बटाट्याचे वाफे, काकडीचा प्लास्टिकचा मांडव, कोपऱ्यात बाष्पस्नानाची खोली. नव्वदच्या दशकात पगार महिनोन्‌महिने थकले तेव्हा कित्येक कुटुंबं याच बटाट्यांवर जगली.

जुने कपडे घेऊन जा, कारण काम करावं लागेल. पाहुणा म्हणून खुर्चीत बसून राहिलात तर कुणी बोलणार नाही, पण कुदळ उचललीत तर दुपारपर्यंत घरातले होता. शेतीच्या घरातली आपली मुलं इथे पटकन जिंकतात. विदर्भातल्या एका मुलाने आळं कसं करायचं ते दाखवलं, तर यजमानांनी तीन शेजाऱ्यांना कुंपणापाशी बोलावून त्याच्याकडून पुन्हा करून घेतलं. संध्याकाळी बाष्पस्नानाला बोलावतील. बर्चच्या पानांच्या जुडीने पाठीवर मारतात, तो उपचार आहे. दम लागला की लगेच बाहेर या, पहिल्या खेपेला पाच मिनिटं पुष्कळ झाली.

निघताना हातात काकडीच्या लोणच्याची किंवा मुरांब्याची बरणी मिळेल. "नको, नको" हा आपला आग्रहाचा खेळ इथे खेळू नका, ते खरंच परत ठेवतील. पहिल्यांदाच घ्या. बरणी संपली की धुऊन, झाकणासकट परत करा. ऑगस्टमध्ये नवं लोणचं घालायचं असतं आणि बरण्या नेहमी कमीच पडतात.